तुमचा सेन्सर उजनीच्या पाण्यात चालतो का?

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका डाईंग युनिटला केमिस्ट आहे, अकरा वर्षं झाली. सकाळी पोचलं की चहाच्या आधी पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, बघायचा. कोनिकल फ्लास्कमध्ये ५० मिली पाणी घ्यायचं, त्यात अमोनियाचा बफर ओतायचा, त्याचा वास असा नाकात जातो की राहिलेली झोप पण उडते, मग एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूटभर पूड टाकली की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. खाली फ्लास्क हलवत वरून ब्युरेटमधून ईडीटीए, म्हणजे धातू घट्ट धरणारं रसायन, थेंबाथेंबानं सोडत राहायचं, लालाचं जांभळं व्हायला लागलं की हात आवरायचा, आणि मग एक थेंब असा पडतो की सगळं पाणी स्वच्छ निळं. आकडा रजिस्टरला लिहायचा, पाणी मऊ करणारा सॉफ्टनर चालू आहे की त्यातलं मीठ संपलंय ते कळतं, मग बॅच लावायची. मी सुट्टीवर असले की आमचा हेल्पर करतो हे, दहावी शिकलाय, त्याच्या आणि माझ्या रीडिंगमध्ये थेंबाचा फरक पडत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की ह्या एका ईडीटीएच्या बाटलीत मला जे म्हणायचंय ते सगळं आहे. त्या फ्लास्कमध्ये काय होतं बघा. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला आधी इंडिकेटरचा, म्हणजे एरिओक्रोमचा, रेणू धरून बसतो, म्हणून लाल दिसतं. ईडीटीए आला की त्याची पकड जास्त घट्ट, तो इंडिकेटरच्या हातातून धातू काढून घेतो, इंडिकेटर मोकळा होतो आणि मोकळा झाल्यावर त्याचा रंग निळा. एक रेणू दुसऱ्याला ओळखतो, धरतो, आणि धरल्याची खूण आपल्या डोळ्याला देतो. मॉलिक्युलर सेन्सिंग म्हणतात ते दुसरं काय आहे? शास्त्रशुद्ध बोलायचं तर ईडीटीए हा सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीच्या, म्हणजे एका रेणूनं दुसऱ्याला धरून ठेवायच्या शास्त्राच्या, आधीच्या पिढीतला, पण घराणं एकच. झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख ह्या केमिस्टनं १९४०च्या दशकात थेंबाथेंबानं मोजायची ही टायट्रेशन बसवली. आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा मुळात लोकरीचा रंग, म्हणजे रंगाऱ्याच्या कपाटातलीच वस्तू. आमच्यासारख्या सूत रंगवणाऱ्या गावाला ह्याचं कौतुक वाटायलाच पाहिजे.

आज कुठल्याही डाईंगला जा, साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसला जा, बारावीच्या प्रॅक्टिकलला जा, श्वार्झेनबाखचं नाव कुणाला माहीत नाही पण बाटली तीच. माझं म्हणणं एवढंच आहे की मॉलिक्युलर सेन्सिंगमधे करिअर करणाऱ्या माणसाचं मोजमाप ह्या बाटलीवरून व्हावं. पेपर किती छापले ह्यावरून नको, इम्पॅक्ट फॅक्टरवरून पण नको, त्याचा रेणू दुसऱ्या माणसाच्या हातात, खऱ्या पाण्यात चालतो का ह्यावरून. आणि हे मोजमाप बदलायची सुरुवात आयआयटीतून होईल असं मला वाटत नाही, ती सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी करावी, कारण खरं पाणी आपल्याकडे आहे.

मला ह्यात बोलायचा हक्क आहे की नाही असं कुणी विचारेल म्हणून सांगते. एमएस्सी झाल्यावर मी पीएचडीला नाव घातलं होतं, विषय हाच, फ्लोराइड ओळखणारा सेन्सर. थायोयुरिया जोडलेला एक रेणू आम्ही बनवला, नायट्रोचा गट लावलेला, ॲसिटोनायट्राइल ह्या बिनपाण्याच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवला की फिकट पिवळा, आणि टेट्राब्युटाइल अमोनियम फ्लोराइडचा थेंब टाकला की डोळ्यादेखत लाल. पहिल्यांदा झालं तेव्हा मी लॅबमध्ये अक्षरशः ओरडले. फोटो काढले, वडिलांना घरी जाऊन दाखवले, ते आयुष्यभर कापडाच्या मागावर राबलेले, त्यांनी बघून एकच विचारलं, "हे आपल्या नळाच्या पाण्यात टाकलं तर काय होतं?" दुसऱ्या दिवशी मी बाटलीत घरचं पाणी घेऊन गेले. लाल झालेल्या द्रावणात चार थेंब टाकले आणि रंग गेला. पूर्ण गेला, परत फिकट पिवळं. मग मी आणखी हात मारून बघितला, फ्लोराइडऐवजी ॲसिटेट टाकलं तरी लाल, फॉस्फेट टाकलं तरी थोडं लाल, आणि नुसता कॉस्टिकचा थेंब टाकला तर सगळ्यात छान लाल.

ज्यांना केमिस्ट्री येते त्यांना कळलं असेल काय झालं ते. फ्लोराइडला पाणी इतकं प्रिय आहे की पाणी दिसलं की तो पाण्याच्या रेणूंच्या घोळक्यात शिरून बसतो, त्याला तिथून ओढून काढायला आमच्या रेणूचे हायड्रोजन बाँडचे दोन नाजूक हात पुरत नाहीत. आणि कोरड्या सॉल्व्हंटमध्ये जो रंग येतो तो बऱ्याचदा फ्लोराइडला ओळखल्याचा नसतोच, फ्लोराइड तिथं जबरदस्त बेस असतो, तो आमच्या रेणूतल्या एनएच वरचा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन, उपटून नेतो, त्याचा रंग. म्हणजे आमचा रेणू फ्लोराइड ओळखत नव्हता, अल्कली ओळखत होता. ते काम लिटमस करतो.

मी हे सगळं लिहून दाखवलं. मला सांगण्यात आलं की पाण्याचं आत्ता राहू दे, पेपरमध्ये ॲसिटोनायट्राइलच घे, पेपर तपासणाऱ्या रेफ्रींनी विचारलं तर बघू. रेफ्रींनी विचारलं नाही. माझं नाव त्या पेपरवर आहे आणि आजपण कुणी त्याचं नाव काढलं की मला पोटात कसंतरी होतं. मी तिथं पुढं राहिले नाही, घरची पण कारणं होती, सगळा दोष त्या लॅबला देणार नाही, कारण तिथं जे चाललं होतं तेच जगभर चाललं होतं आणि अजून चाललंय. फ्लोराइडचं पाणी पिऊन दात पिवळे पडलेली, हाडं वाकलेली माणसं यवतमाळला आहेत, चंद्रपूरला आहेत, नांदेडला आहेत. आमच्या पेपरच्या पहिल्या पॅराग्राफमधे त्यांच्याबद्दल कळकळीनं लिहिलेलं होतं. त्यांच्या विहिरीचा एक थेंब त्या पेपरात नव्हता.

आता कुणी म्हणेल की ही एक जुनी गोष्ट, आता लोक पाण्यात करतात, रियल सॅम्पलचं टेबल देतात. देतात, पण ते टेबल कसं बनतं ते पण बघा. नळाचं पाणी घ्यायचं, गाळायचं, बफर घालून शंभरपट पातळ करायचं, त्यात स्वतःच मोजून माहीत असलेला लोखंडाचा नाहीतर पाऱ्याचा डोस टाकायचा, आणि मग सेन्सरनं तो ९८ टक्के सापडला, १०१ टक्के सापडला असं लिहायचं. स्वतः लपवायचं आणि स्वतः शोधायचं. त्या लोखंडाचं तर आणखी वेगळंच, फेरिक आयन स्वतःच ती लाइट शोषतो ज्यानं आपण सेन्सर पेटवतो, मग उजेड कमी झाला की "सेन्सरनं लोखंड धरलं" म्हणायचं, खरं तर लोखंड नुसतं मध्ये उभं राहिलेलं असतं, खिडकीला पडदा लावल्यासारखं. हे तपासायच्या पद्धती आहेत, पुस्तकात आहेत, पण तपासलं तर पेपर जातो.

तसंच ते डिटेक्शन लिमिटचं, म्हणजे कमीत कमी किती पकडतो त्याचं, वेड. जो तो नॅनोमोलर, म्हणजे अगदी कणभर, सांगतो, माझा तुझ्यापेक्षा दहापट कमी पकडतो. अरे पण कशाला पकडायचंय ते बघा की! पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० ह्या आपल्या स्टँडर्डमध्ये नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तिथं नॅनोमोलर पकडणारी वस्तू कुणाच्या कामाची नाही, ती पहिल्याच थेंबाला पेटून बसेल आणि ५ मिलिग्रॅम काय आणि ५० काय, सारखीच दिसेल. शिशाला मात्र मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, तिथं बारीक नजर पाहिजेच. म्हणजे आधी प्रश्न, मग रेणू. आपल्याकडे आधी रेणू, मग जे पकडेल तो प्रश्न.

ह्या बाबतीत मला एका माणसाचं काम फार मोठं वाटतं, ए. प्रसन्न डी सिल्वा. श्रीलंकेचे, कोलंबो विद्यापीठात शिकले, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत पीएचडी करून परत कोलंबोला येऊन शिकवलं, आणि उजेड पेटवणाऱ्या क्राउन ईथरवरचा, म्हणजे धातू धरणाऱ्या कड्यासारख्या रेणूवरचा, त्यांचा १९८६ सालचा पेपर कोलंबोतूनच आलाय. कोलंबोतून, म्हणजे आपल्यासारख्याच, वस्तू मागवली की महिनोन्महिने वाट बघायला लावणाऱ्या ठिकाणाहून. त्यांची कल्पना आमच्या मागवाल्यांना एका मिनिटात समजेल. मागावर बाण्याचा धागा तुटला की फोर्कला धागा लागत नाही, त्याची दांडी पुढं खटका देते आणि माग थांबतो. धाग्याला चाचपणारा एक भाग, खटका पोचवणारी मधली दांडी, आणि थांबणारा माग. डी सिल्वांच्या रेणूत पण तीनच गोष्टी आहेत: आयनला धरणारं एक तोंड, मधला छोटा सांधा, आणि चमकणारा भाग. तोंड रिकामं असेल तर तिथला इलेक्ट्रॉन सांध्यावरून उडी मारून चमक विझवतो. तोंडात सोडियम येऊन बसला की तो इलेक्ट्रॉन त्याच्यात गुंततो, उडी मारत नाही, उजेड लागतो. पुढं १९९३ साली ह्याच कल्पनेवर त्यांनी नेचर ह्या जर्नलमध्ये रेणूचं लॉजिक गेट छापलं, दोन्ही पाहुणे आले तरच दिवा लागणार असं, आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला, तो व्हायलाच पाहिजे होता.

पण मला त्याच्यापेक्षा मोठं वाटतं ते रक्त तपासणीचं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम मोजणारे त्यांच्या पद्धतीचे सेन्सर हॉस्पिटलात आणि ॲम्ब्युलन्समध्ये वापरायच्या ॲनालायझरमध्ये गेले. आता विचार करा, रक्तात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असतो आणि पोटॅशियम साडेतीन ते पाच. सोडियम ओळखणाऱ्या रेणूची पकड फार घट्ट असून चालणार नाही, तो १४०च्या आसपास अर्धा भरलेला आणि अर्धा रिकामा राहिला पाहिजे, तरच १३० आणि १४५ मधला फरक दिसेल. म्हणजे इथं जिंकायचं ते सगळ्यात कमी पकडून नाही, नेमकं ढिलं धरून. हे ज्याला पेशंट डोळ्यासमोर दिसतो त्यालाच सुचतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी गळालेलं लेकरू सिव्हिलला आणतात तेव्हा डॉक्टर आधी सलाइन लावतात आणि सोडियम-पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट बघतात, माझ्या भाच्याच्या वेळी ती वाट मी स्वतः बघितलीय.

आता दुसऱ्या बाजूचं बोलते, कारण ती बाजू खोटी नाही. लोक म्हणतात की मूलभूत संशोधनाला उपयोग विचारू नये, विचारलं की ते मरतं. आणि उदाहरण देतात चार्ल्स पेडरसनचं. बरोबरच आहे. पेडरसन ड्युपाँट कंपनीत केमिस्ट होते, पीएचडी नव्हती, मास्टर्सवर सगळं आयुष्य काढलं. व्हॅनेडियमला धरणारा एक रेणू बनवायला गेले, सुरुवातीच्या मालात थोडी कॅटेकॉलची भेसळ राहिली होती, आणि शेवटी चिकट गाळात पांढऱ्या तंतूंसारखे थोडेसे स्फटिक मिळाले, फक्त ०.४ टक्के. कुणीही फेकले असते. ते मेथेनॉलमध्ये विरघळत नव्हते, पण कॉस्टिक टाकला की विरघळत होते, आणि हे कोडं त्यांनी सोडलं नाही. निघालं असं की तो ऑक्सिजनचा एक कडं होता आणि सोडियम-पोटॅशियम त्या कड्याच्या भोकात जाऊन बसत होता, मॉडेल मुकुटासारखं दिसलं म्हणून नाव क्राउन ईथर. १९६७ साली पेपर आला तेव्हा ते साठी ओलांडलेले होते, १९८७ साली लेन आणि क्रॅम ह्यांच्याबरोबर नोबेल मिळालं तेव्हा ८३ वर्षांचे. सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्रीचं हे जे आज एवढं मोठं झाड झालंय त्याचं बी तो ०.४ टक्क्यांचा गाळ.

मला पेडरसन आवडतात म्हणूनच सांगते की हे उदाहरण पेपर मोजणाऱ्यांच्या बाजूचं नाही. त्यांनी न जमलेला प्रयोग झाकला नाही, त्याच्यातच वाकून बघितलं. माझ्या बाटलीतला रंग पाणी पडल्यावर गेला तेव्हा तो पण एक गाळच होता, त्याच्यात प्रश्न होता, पाण्यात फ्लोराइड धरायचा तर रेणू कसा पाहिजे. तो प्रश्न झाकायला लावणारी पद्धत पेडरसनचं नाव घ्यायला लायक नाही. स्वातंत्र्य द्या, भरपूर द्या, ज्याला भोपळ्यासारखे पोकळ रेणू निव्वळ त्यांच्या सौंदर्यासाठी बनवायचेत त्यानं बनवावेत, आणि कुकरबिटुरिलला तर नावच भोपळ्याच्या कुळावरून दिलंय. पण मग "सेन्सर" म्हणू नका. ज्याला सेन्सर म्हणता, ज्याच्या पहिल्या ओळीत आजारी माणसं आणता, त्याला त्या माणसांच्या पाण्यात उतरवायची जबाबदारी येते.

आणि सोलापुरात प्रश्नांची काय कमी आहे! उजनी घ्या, ११७ टीएमसीचं धरण, पण वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून तिथं येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, ते शंभरेक किलोमीटर पाइपनं आपल्याकडे येतं आणि रोज न येता काही दिवसांनी एकदा नळाला सुटतं, मग आपण ते ड्रममध्ये, टाकीत, हंड्यात साठवतो. त्या साठवलेल्या पाण्यात चौथ्या दिवशी क्लोरीन उरलाय का हे कुणी बघतं? गावाकडे ग्रामपंचायतीत जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगची, पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करतो, नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळं झालं की क्लोरीन आहे. ही टेस्ट मी लहानपणी आजोळी बघितलीय, लय भारी वाटायचं. पण ऑर्थोटोलिडिन हे आरोग्याला बरं रसायन नाही, बऱ्याच देशांनी ते सोडून डीपीडी हे दुसरं रसायन घेतलं. आपल्या जलसुरक्षकाच्या बोटाला लागणारा तो थेंब बदलणं, पाच रुपयाच्या आत बसणारी, उन्हात खराब न होणारी पट्टी बनवणं, हा पीएचडीचा विषय नाही का? माझ्या मते त्यातून दोन पीएचड्या निघतील, कारण पट्टी दोन वर्षं कपाटात टिकवणं हेच केमिस्ट्रीचं सगळ्यात अवघड काम आहे.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्यात गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट चालवायला शिकवायचं ठरलं. माझी एक मावसबहीण त्यात आहे, मोहोळ तालुक्यात. तिनं मला किटची पेटी उघडून दाखवली, त्यातलं रंगाचं कार्ड असं होतं की बल्बच्या उजेडात दोन पिवळ्यांमधला फरक मला, रोज शेड मॅच करणाऱ्या बाईला, सांगता येईना. ती म्हणाली, "ताई, आम्ही मधला आकडा लिहितो." ह्या वाक्यावर मी खूप दिवस विचार केला. पिवळ्यावरून जास्त पिवळं असं न होता, मर्यादा ओलांडली की पिवळ्याचं निळंच होईल असा रेणू पाहिजे, माझ्या एरिओक्रोमसारखा, म्हणजे मधला आकडा लिहायची वेळच येणार नाही. हा प्रश्न परदेशातल्या जर्नलमध्ये सापडत नाही, तो मोहोळला सापडतो.

तिसरं द्राक्षाचं. २०१० साली युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती, क्लोरमेक्वाट नावाच्या ग्रोथ रेग्युलेटरचा अंश निघाला म्हणून, शेतकरी त्याला सीसीसी म्हणतात. तेव्हा कंटेनरच्या कंटेनर अडकले, नान्नज-पंढरपूरकडचे बागायतदार अजून त्या सीझनचं नाव काढतात. आता हा क्लोरमेक्वाट रेणू बघा, प्लस चार्जचा नायट्रोजन, त्याच्याभोवती चार गट. असले पाहुणे कुकरबिटुरिलच्या, सल्फोनेट लावलेल्या कॅलिक्सारिन ह्या वाटीसारख्या रेणूच्या पोकळीत आवडीनं बसतात, ही तर सुप्रामॉलिक्युलरवाल्यांची हातखंडा जागा! पोकळीत आधी एक चमकणारा रंग बसवून ठेवायचा, क्लोरमेक्वाट आला की तो रंगाला बाहेर ढकलतो, उजेड बदलतो. माझ्या फ्लास्कमध्ये ईडीटीए जे करतो तीच ढकलाढकली. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी बांधावर "हा माल पाठवू नको" एवढं सांगणारी वस्तू शेतकऱ्याला मिळाली तर. आणि आपल्याकडे केगावला पुणे रोडवर द्राक्षाचं नाही तरी डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आहे, विद्यापीठ त्याच रस्त्याला २००४ पासून आहे. दोन कॅम्पसमध्ये अंतर किती, रिक्षानं जाता येतं.

आमच्या स्वतःच्या धंद्याचं पण बोलायला पाहिजे, नाहीतर दुसऱ्यालाच शिकवल्यासारखं होईल. रंगाचं सांडपाणी. डोळ्याला रंग दिसतो म्हणून लोक ओरडतात, पण रंग काढून टाकला तरी मीठ राहतं, आणि काही रंगांत तांबं-क्रोम असतं ते राहतं, ते डोळ्याला दिसत नाही. ट्रीटमेंटच्या आउटलेटला तांबं बघून स्वतः खटका देणारी वस्तू मला पाहिजे आहे, मला, युनिटला पाहिजे आहे, मालकाला पण पाहिजे आहे कारण बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पाणी नाल्यात गेलेलं असतं. अकरा वर्षांत एकही रिसर्च स्टुडंट आमच्या गेटवर पाण्याची बाटली मागायला आला नाही. मी पण कधी कॉलेजात जाऊन "आमचं पाणी घ्या" म्हटलं नाही, ही माझी चूक.

आता ह्यात विद्यार्थ्यांना आणि मास्तरांना दोष देऊन काय उपयोग नाही, हे मला माहीत आहे. यूजीसीनं २०१० साली एपीआयचे, म्हणजे मास्तरांचं काम मोजायचे, पॉइंट आणले तेव्हापासून प्रमोशन पेपरच्या मोजणीवर, मग पेपर पाडणारच ना माणूस. २०२२च्या नियमात पीएचडीला पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, हे चांगलं झालं, पण सवय नियमानं येते आणि नियम गेल्यावर जात नाही, मुलाखतीला गेलं की आधी पेपरांची यादीच बघतात. आणि अर्धे मास्तर सीएचबीवर, तासाला पैसे, वर्षाचे काही महिने तर तेही नाही. त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं की दोन वर्षं एका पट्टीवर घाल, न जमलं तर नुसतं न जमल्याचं लिही? ह्याच्या उलट मी म्हणेन की त्याला तसं करता यावं म्हणूनच मोजमाप बदललं पाहिजे. एक पट्टी दहा ग्रामपंचायतींत वर्षभर चालली तर ते पाच पेपरांच्या बरोबरीचं धरा, लिहून द्या, नियमात घाला. थिसिसमध्ये एक चॅप्टर असा ठेवा की जिल्ह्यातलं पाणी, माती नाहीतर माल, आणि तपासणारा दुसरा, ज्याला उत्तर माहीत नाही. बाटलीवर नुसता नंबर. सेन्सर नापास झाला तर थिसिस नापास नाही, का नापास झाला ते नीट लिहिलं तर पास. हे चॅप्टर असतं तर माझं ते थायोयुरियाचं काम पण एका पोरीच्या पोटात दुखण्याऐवजी कुणाच्या तरी उपयोगाला आलं असतं, पुढच्यानं तरी तो रस्ता सोडला असता.

एक आक्षेप मला खरंच अवघड वाटतो. लोक म्हणतात की असं केलं तर विद्यापीठं टेस्टिंग लॅब होतील, पोरं केमिस्ट्रीऐवजी नमुने मोजत बसतील. ती भीती खरी आहे, मी रोज नमुने मोजते, मला माहीत आहे त्यात माणूस कसा घासला जातो. पण मी मोजणी मागतच नाहीये. हेल्परच्या हातात देता येईल असा रेणू मागतेय, आणि तसा रेणू बनवायला साध्या पेपरपेक्षा जास्त डोकं लागतं, कमी नाही. पाण्यात विरघळणारं तोंड बनवणं, कॅल्शियम हजारपट असताना शिसंच धरणं, उजेड आमच्यासारख्या जड पाण्यात विझू न देणं, ह्या तीन गोष्टींत आयुष्य जातं. श्वार्झेनबाखचं गेलं, डी सिल्वांचं गेलं.

तर कुणी करणार असेल, कुठल्याही कॉलेजचा, कुठल्याही विद्यापीठाचा, तर माझ्याकडे अकरा वर्षांची रजिस्टरं आहेत. रोजचा हार्डनेस, बोअरचा वेगळा, कॉर्पोरेशनच्या पाण्याचा वेगळा, टँकर आला असेल तर त्याचा वेगळा, सॉफ्टनरच्या आधीचा आणि नंतरचा, मे महिन्यात आकडा कसा चढतो आणि पहिला पाऊस झाला की कसा उतरतो ते सगळं त्यात आहे. मालकांना विचारलंय, ते हो म्हणालेत. बाटली स्वतःची आणा, आधी त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून घ्या, आणि भरताना वर हवा ठेवू नका.